ठोठावतंय कोण?



तुमच्यापैकी अनेकांनी नोकरीत हा अनुभव घेतला असेल. कामावर आलात, पासवर्ड बरोबर टाकलात आणि पडद्यावर आलं, खातं लॉक झालं आहे. आयटीला फोन केला, त्यांनी उघडून दिलं. अर्ध्या तासात पुन्हा तेच. तिसऱ्या फोनला पलीकडचा आवाज बदलतो, "मॅडम, पासवर्ड नीट बघून टाका ना." मला आज बोलायचंय ते या वाक्याबद्दल. पंचवीस वर्षं मी त्या फोनच्या पलीकडे बसून काम केलं. वारंवार लॉक होणाऱ्या खात्यांच्या बाबतीत हे वाक्य बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला ऐकवलं जातं.

चाकण भागातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर पावतीसाठी खिडकीशी ताटकळलेला, आणि बाईंना मालाची आवक चढवता येत नाही. चहाला उठल्या की स्क्रीन बंद व्हायची, परत येऊन पासवर्ड टाकला की खातंच लॉक. दिवसातून चार-पाच वेळा. आम्ही दर वेळी उघडून दिलं आणि तक्रार मिटली असं लिहून टाकलं. तीन आठवडे हे चाललं. तेवढ्यात वार्षिक मूल्यमापन आलं आणि त्यांच्या साहेबांनी शेरा मारला: संगणक वापरात निष्काळजी.

त्या दिवशी बाई आमच्या खोलीत आल्या त्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊनच. प्रत्येक चौकोनात त्यांनी बारीक अक्षरात वेळा लिहिल्या होत्या. खातं कधी उघडून मिळालं, कधी बंद झालेलं आढळलं. "दादा, मी चुकत असेन तर या वेळांत मी काय करत होते ते तुम्हीच बघा," असं म्हणाल्या. तोवर आमच्यापैकी कुणीही त्यांना वेळ विचारली नव्हती.

विंडोज वापरणाऱ्या बऱ्याच कार्यालयांत खाती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असतात. विंडोज २००० बरोबर आलेली ही व्यवस्था. ती ज्या सर्व्हरवर चालते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. त्यावर तीन गोष्टी ठरवलेल्या असतात: किती चुका झाल्यावर लॉक करायचं, किती वेळ बंद ठेवायचं आणि चुकांची मोजणी किती वेळाने पुसायची. आमच्याकडे पाच चुका आणि तीस मिनिटं होती. मोजणाऱ्याला चुकीचा पासवर्ड तेवढा दिसतो. तो माणसाच्या बोटांनी टाकला की एखाद्या यंत्राने, हे तो बघत नाही.

पण नोंद मात्र ठेवतो. खातं लॉक झालं की ४७४० क्रमांकाची नोंद पडते, आणि तिच्यात चुकीचा पासवर्ड कोणत्या संगणकावरून आला त्याचं नाव असतं. कॅलेंडरातल्या वेळा घेऊन मी नोंदी उघडल्या. दर पाच मिनिटांनी एक चूक. खातं उघडून दिलं की वीस-पंचवीस मिनिटांत पाच भरायच्या. जेवणाच्या सुट्टीत चुका, रविवारी चुका, रात्री सव्वादोनलाही चुका. घड्याळ लावून रात्रभर चुकीचा पासवर्ड टाकत बसणारा माणूस नसतो. संगणकाचं नाव होतं वजनकाट्यावरच्या पीसीचं. त्या पीसीच्या नोंदीत ४६२५, म्हणजे फसलेला प्रवेश, आणि प्रवेशाचा प्रकार ४. ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची ती खूण.

वजनकाटा बसवला तेव्हा वजनाची फाइल दर पाच मिनिटांनी सर्व्हरवर न्यायची होती. बसवणाऱ्याला खातं हवं होतं, बाईंनी अडलेल्याची सोय म्हणून आपला पासवर्ड टाकून दिला. तो तिथेच साठून राहिला. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागे. मग पहिल्याच बदलानंतर बोंब का झाली नाही? पासवर्डांचा इतिहास ठेवलेला असला, तर डोमेन कंट्रोलर अगदी अलीकडच्या एक-दोन जुन्या पासवर्डांची चूक मोजत नाही. आदल्या बदलांच्या वेळी काम नुसतं फसत राहिलं, खातं लॉक झालं नाही. वजनं न आल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण काट्यावरचा माणूस ती हातानेच कळवत होता. इतिहासात तो पासवर्ड त्याहून मागे गेला आणि मोजणी सुरू झाली. कारण आणि परिणाम यांच्यात कित्येक महिने गेले होते.

जुना पासवर्ड साठून राहतो अशी इतर ठिकाणंही शोधायची असतात: ऑफिसची मेल असलेला घरचा जुना फोन, वाय-फायमध्ये जपून ठेवलेला पासवर्ड, मीटिंगच्या खोलीत न संपवलेलं सत्र, विंडोज पासवर्ड साठवते तो क्रेडेन्शियल मॅनेजर. कधी ४७४० मध्ये संगणकाचं नावच रिकामं येतं. मग प्रत्येक डोमेन कंट्रोलरवरच्या ४७७१ आणि ४७७६ या नोंदींमागे जावं लागतं. काम किचकट आहे, पण वाट संपत नाही.

वैतागून लॉकच काढून टाकावं, असं काही जण सुचवतात. ते मला पटत नाही. २००८ च्या अखेरीस कॉन्फिकर नावाचा वर्म पसरला. तो इतर संगणकांत शिरायला पासवर्ड ओळखून बघायचा, आणि खाती धडाधड लॉक होणं ही त्याची एक ठळक खूण होती. ते टाळं नसतं तर अनेक ठिकाणी ही खूण दिसलीच नसती. मला काढावासा वाटतो तो दर तीन महिन्यांचा बदल. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ साली, कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं, आणि २०१९ साली मायक्रोसॉफ्टनेही आपल्या शिफारशींतून ती मुदत वगळली. तरी कित्येक कार्यालयांत ती अजून चालू आहे.

वजनकाट्याच्या कामाला आम्ही स्वतंत्र खातं काढून दिलं, नेमके तेवढेच अधिकार असलेलं. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी बाईंच्या नावावरची शेवटची चूक पडली. मी एक वाजेपर्यंत नोंदी बघत बसलो, पुढे काही आलं नाही. मग त्या सगळ्या नोंदी छापल्या, कॅलेंडरच्या झेरॉक्सला जोडल्या आणि शेरा खोडावा असं पत्र लिहून मनुष्यबळ विभागात स्वतः नेऊन दिलं. तीन आठवडे आम्ही नीट चौकशीच केली नव्हती, हेही त्या पत्रात लिहिलं. शेरा खोडला गेला. बाईंनी कॅलेंडर परत मागून घेतलं आणि स्टोअरच्या भिंतीवर पुन्हा लावलं.