चिकूच्या गावात बालवाडीवाल्यांचं स्वागत

पूर्वप्राथमिक शिक्षणाचे निकष आणि शाळेची पूर्वतयारी या विषयावरच्या परिषदेला आलेल्या सर्व प्रतिनिधींचं डहाणूकर मनापासून स्वागत करत आहेत. मंडपात खुर्च्या कमी पडल्या, हे स्वागताध्यक्षाला व्यासपीठावरून दिसतं आहे. मागच्या रांगांत पंचवीस-तीस पाहुणे बालवाडीच्या चिमुकल्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसले आहेत. हे विषयाला धरूनच झालं, असं मंडपवाल्याचं म्हणणं. स्वागताध्यक्षाला ते पटलेलं नाही. मोठ्या खुर्च्यांचा टेम्पो चारोटी नाक्यावरून निघाला आहे. तो तिथून निघाल्याला तास होऊन गेला, एवढंच तूर्त सांगता येतं.

प्रस्तुत स्वागताध्यक्ष चिकूचा बागायतदार. शिक्षणाशी त्याचा संबंध दोन नातवंडं आणि एका शाळेचं विश्वस्तपद एवढाच. तेव्हा चार वर्षांच्या मुलाला काय आलं पाहिजे, हे त्याने सांगू नये. गावाविषयी मात्र त्याला कुणी अडवू नये.

पश्चिम रेल्वेची लोकल २०१३ साली डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून मुंबईकरांना हे गाव जवळचं वाटू लागलं. त्याआधी १९९१ साली केंद्र सरकारने या तालुक्याला पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून संरक्षण दिलं. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ही झाडं इथे रुजवण्यात इराणी बागायतदारांचा मोठा वाटा आहे. वारली चित्रं घराच्या भिंतींवरून कागदावर आणि तिथून जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातले. २०११ साली ते पद्मश्री झाले. यादी लांबवता येईल, पण चिटणीसबाईंनी समोरून घड्याळ दाखवलं आहे.

तरी बोर्डीच्या आचार्य भिसे यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शंकर रामचंद्र भिसे. बोर्डीच्या शाळेचे हे मुख्याध्यापक आदिवासींच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झिजले. ताराबाई मोडकांचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे, अनुताई वाघांचं आहे, पण या दोघींच्या कामाला इथे जमीन मिळाली ती भिसे गुरुजींच्या पाठबळामुळे. गावातल्या नव्या पिढीला मात्र ते नाव पाट्यांपुरतंच माहीत आहे. परिषदेच्या स्मरणिकेत त्यांचा फोटो आतल्या पानावर गेला, ही चूक छापखान्याची नाही. ती स्वागत समितीची आहे.

ताराबाई मुंबईत जन्मल्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करताना १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत त्यांचा हात होता. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्याच वर्षी अनुताई आल्या: लहानपणी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, पुढे पुण्यात शिक्षिकेची नोकरी, आणि ती सोडून ही बाई समुद्रकाठच्या या गावात. काही काळ काढून परत जावं, असा त्यांचाही विचार असेल. पण त्या १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, इथल्याच झाल्या. आणि १९४५ हेच वर्ष गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालच्या वारल्यांच्या उठावाचं! एकाच वर्षी एका टोकाला वेठबिगार नाकारणारी माणसं आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्यासारख्यांच्या मुलांचे केस विंचरणाऱ्या, नखं कापणाऱ्या या बाया. कुठल्या तालुक्याला असं वर्ष लाभलं आहे, ते पाहुण्यांनी सांगावं.

आता विषयाकडे. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. मग बालवाडी त्यांच्या अंगणात नेली गेली. आज राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत, आणि ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम डहाणूकर इथेच सांगतात आणि त्यावर वाद घालायला कायम तयार असतात. मोठी मुलगी शाळेत येईना, कारण कडेवर धाकटा भाऊ असायचा. म्हणून पुढे कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आल्या. पोरं गुरांमागे जात, म्हणून कुरणशाळा निघाली. परदेशी बनावटीची महाग साधनं परवडत नव्हती, मग खडे, बिया, पानं, शिंपले हेच साहित्य झालं. मूल शाळेसाठी तयार आहे का, असं आज विचारलं जातं. टेकडीवरच्या बायांनी प्रश्न फिरवला होता: शाळा या मुलासाठी तयार आहे का?

२०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा मानला आहे. त्यात अभ्यासक्रमाची तेरा उद्दिष्टं आहेत, घरच्या भाषेवर भर आहे आणि खेळातून शिकण्यावरही. स्वागताध्यक्षाने तो चष्मा पुसून पुसून वाचला. कोसबाडचं बरंच काही त्यात आहे, एवढंच त्याला कळलं. त्याहून जास्त कळणारे लोक समोर बसले आहेत.

एक प्रसंग मात्र सांगायचाच आहे. ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानातल्या एका मेळाव्याला स्वागताध्यक्ष श्रीफळ वाढवायला गेला होता. एका टेबलावर शिंपल्यांची परडी होती. मुलांनी सारखे सारखे वेगळे करायचे. रंगाने किंवा आकाराने, अशी अपेक्षा. मच्छीमार घरातल्या एका मुलीने दोन ढीग केले. दोन्हींत लहानमोठे, काळेपांढरे सगळेच मिसळलेले. ताईंनी पुन्हा समजावलं. मुलीने पुन्हा तेच केलं आणि बोट दाखवून म्हणाली, “यातलं खातात. यातलं नाय खात.” हातात मुलीच्या नोंदीचं कार्ड धरून ताई बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी त्यावर काय खूण केली, ते दिसलं नाही. परिषदेत निकषांवर चर्चा होईल तेव्हा ती परडी कुणीतरी टेबलावर ठेवावी, अशी विनंती आहे.

चिकू तयार झाला का, हे बागेत नखाने ओरखडून बघतात. आत हिरवं दिसलं तर थांबायचं, पिवळसर दिसलं तर उतरवायचा. एकाच फांदीवर फूलही असतं, कच्चं फळही आणि तयार फळही. यातून बालशिक्षणाचं काही निघतं का ते तज्ज्ञांनी पाहावं. चिकूला ओरखडा काढला तर तो रडत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवून.

आता उणिवा. निवासातल्या नळाला खारट पाणी येतं. पिण्याच्या पाण्याचे जार व्हरांड्यात ठेवले आहेत. डास आहेत. विदर्भातून आलेल्या प्रतिनिधींची गाडी पहाटे पोहोचली तेव्हा स्टेशनवर न्यायला कुणीच नव्हतं, याची माफी स्वागताध्यक्ष स्वतः मागतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘पूर्वप्राथमिक’ तीन ठिकाणी चुकलं आहे. बालशिक्षणाच्या परिषदेत हे व्हायला नको होतं.

आभार तर मानावे तेवढे थोडे. तांदूळ पाड्यांवरच्या शेतकऱ्यांनी दिला, वालाचं बिरडं बचत गटाच्या महिला करत आहेत. रात्रीच्या उकडहंडीचा सगळा खर्च ज्यांनी उचलला त्यांनी नाव घेऊ नये अशी अट घातली आहे. ते उजवीकडे तिसऱ्या रांगेत बसले आहेत, एवढं सांगितल्याने अट मोडत नसावी. चिकूच्या पेट्या सात बागांमधून आल्या. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस काल दिवसभर मुलं सांभाळून संध्याकाळी इथे रांगोळ्या काढत होत्या. त्यांची नावं पत्रिकेत नाहीत, म्हणून ती समारोपाला एकेक करून वाचली जातील.

कोसबाडला जाणारी बस उद्या सकाळी आठला सुटेल. बसायला जागा चाळीस, नावं आली आहेत पासष्ट. दुसरी बस मिळवण्याची खटपट चालू आहे. काल रात्री भोजनमंडपात सापडलेला चष्मा स्वागताध्यक्षाच्या खिशात आहे. ज्यांचा असेल त्यांनी चहाच्या वेळी घेऊन जावा.