ज्याचा शब्द त्याच्याच गळ्यातून



दोन वर्षांपूर्वी माझ्या काही विद्यार्थ्यांनी फुलसावंगीस एक छोटासा चित्रपट घेतला. गोष्ट साधीच होती. नातू शहरास निघाला आहे आणि आजी त्याला घरच्या वावराची हकीकत सांगते आहे. आजीचे काम गावातल्याच सत्तरीच्या एका बाईंनी केले. चित्र नामी उतरले. पण आवाज ऐकला आणि पोरांची तोंडे उतरली. कॅमेरा दहा-बारा हात दूर होता व त्याच्याच पोटातल्या माइकने आवाज धरला होता. त्यात शेजारची पिठाची गिरणी होती, लिंबाच्या झाडातला वारा होता, वाटेने गेलेली फटफटी होती. आजी तेवढी नव्हती!

मग पोरांनी शहरात जाऊन दुसऱ्या बाईंकडून ते संवाद म्हणून घेतले. पुढे देवळाच्या पटांगणात पांढऱ्या चादरीवर चित्रपट दाखवला. म्हातारीने तो शेवटपर्यंत पाहिला आणि ती एवढेच म्हणाली, "हा माहा आवाज नाई ना, बापू." खरेच होते. 'वावर' जाऊन तिथे 'शेत' आले होते, 'पोट्टा' जाऊन 'मुलगा' आला होता. ओठ फुलसावंगीचे आणि शब्द परगावचे. त्या दिवसापासून संवादाचा आवाज जागेवरच कसा धरतात, याच्या मागे मी लागलो. तेच आज आपणांस सांगणार आहे.

आपल्याकडे बोलपट आला तेव्हा आवाज जागेवरच घ्यावा लागे. १९३१ साली अर्देशीर इराणींनी 'आलम आरा' काढला, तेव्हा माइक पडद्याआड आणि सामानात लपवले होते. स्टुडिओशेजारून आगगाड्या जात, म्हणून पुष्कळसे काम मध्यरात्रीनंतर चाले. पुढे कॅमेरे हलके झाले, बाहेर फिरू लागले. पण त्यांची घरघर मोठी असे. त्यामुळे चित्र आधी घ्यायचे आणि संवाद मागाहून बंद खोलीत म्हणवून घ्यायचे, ही रीत कितीतरी वर्षे चालली. २००१ साली आशुतोष गोवारीकरांच्या 'लगान'ने चित्रीकरणाच्या जागीच संवाद मुद्रित केले आणि या जुन्या पद्धतीकडे लोकांचे पुन्हा लक्ष गेले. आपल्या मराठीत भाऊराव कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा' आहे. रानोमाळ फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची ती कथा. २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत जागेवरील ध्वनिमुद्रणाचे पारितोषिक त्या चित्रपटासाठी महावीर सब्बनवाल यांना मिळाले. मोकळ्या माळावर आवाज धरणे ही केवढी कसरत आहे, हे मेंढरांमागे फिरणाऱ्यास मी वेगळे सांगायला नको.

आता हे साधते कसे? मूळ नियम सोपा आहे. मोकळ्या जागेत माइक तोंडापासून दुप्पट अंतरावर नेला की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. गिरणीचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून माइक जवळ हवा. चित्रपटवाले पहिली पसंती देतात ती लांब काठीला बांधून डोक्यावरून धरलेल्या माइकला. त्याला बूम म्हणतात. पण चित्रात सारे अंगण दाखवायचे असले, तर ती काठीही दिसू लागते. तिथे कामास येतो तो अंगावर लपवायचा माइक, आपला कॉलर माइक. त्याचे इंग्रजी नाव लॅव्हेलियर. सतराव्या शतकात फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात लुईझ द ला व्हॅलिएर नावाची स्त्री होती. तिच्या नावावरून गळ्यात लोंबणाऱ्या पदकास हा शब्द लागला. पहिले असले माइक दोरीने गळ्यातच अडकवीत, म्हणून पदकाचे नाव माइकला मिळाले. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर व जेम्स वेस्ट यांनी कायम विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पापुद्र्याचा माइक तयार केला. अशा पापुद्र्यामुळे माइक पुढे तुरीच्या दाण्याएवढा करता आला. १९६४ सालच्या 'माय फेअर लेडी' या चित्रपटात रेक्स हॅरिसन या नटाने गाणी आधी मुद्रित करण्यास नकार दिला, तेव्हा बिनतारी माइक त्याच्या टायमध्ये दडवला होता.

आपल्याकडे टाय नाही, पदर आहे. हनुवटीखाली वीतभर, छातीच्या मध्यावर माइक बसवावा. अगदी गळ्याशी नेला, तर हनुवटीच्या आडोशाने आवाज दबतो. बोलणारा सारखा उजवीकडे पाहणार असेल, तर माइकही थोडा उजवीकडे घ्यावा. त्याचा खरा वैरी म्हणजे कापड. नवे खळ दिलेले धोतर आणि नायलॉनचे पातळ कुरकुरते. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे गप्प बसते. म्हणून औषधाच्या दुकानातील कागदी चिकटपट्टीने माइक कापडास असा धरावा की, दोन्ही एकत्र हलतील, एकमेकांवर घासणार नाहीत. तारेला लहानसा वेढा देऊन तोही चिकटवावा, म्हणजे हिसका माइकपर्यंत जात नाही. पोत, माळ त्यावर आपटणार नाही, असे पाहावे. बिनतारी डबी कमरेला नीट बांधावी. वाऱ्यासाठी माइकवर फोमची किंवा लोकरीची टोपी असते. हे सारे झाल्यावर कुणीतरी कानाला यंत्र लावून ऐकत बसलेच पाहिजे. डोळ्यांना न दिसणारी चूक कानच सांगतो.

या माइकची एक उणीवही आहे. तो माणूस धरतो, अंगण सोडतो. म्हणून संवाद संपला की, सर्वांनी मिनिटभर स्तब्ध राहून त्या जागेचा नुसता आवाज वेगळा घ्यावा. चिमण्या, वारा, दूरची गुरे. तो संवादाखाली अंथरला म्हणजे बोलणे खोलीतले वाटत नाही. आणखी एक गोष्ट जपावी. कॅमेरा थांबला तरी हा माइक ऐकतच असतो. घरातले दोन शब्द, कुणाची उणीदुणी, सारे त्यात जाते. म्हणून काम संपताच तो बंद करावा. पदराशी माइक लावतानाही आधी विचारावे, आणि बाईमाणसास बाईनेच लावावा.

गेल्या हिवाळ्यात पोरे पुन्हा त्याच अंगणात गेली. गिरणीवाल्यास विनंती केली. त्याने अर्धा तास पट्टा थांबवला. एका विद्यार्थिनीने म्हातारीच्या पदराआड माइक लावला. तिने या खेपेस पाठ केलेले काहीच म्हटले नाही. विहीर खणताना कोण कोण राबले, कोणता धुरा कुणी सरकवला, ते आपल्या मनाने सांगत गेली. मग तिच्या कानाला यंत्र लावले. थोडे ऐकून ती म्हणाली, "आता मीच हाओ." आणि नंतर, "पण मी लय बोलते का रे?"

गुरुजन हो, आपल्या शाळांतून आज मोबाइलवर छोटे चित्रपट होऊ लागले आहेत. मोबाइलला जोडायचा कॉलर माइक आता फार महाग राहिलेला नाही. मुलांना एवढेच शिकवावे की, चित्र सुंदर यावे म्हणून माणसाचे बोलणे बदलू नये. वऱ्हाडी असो, बंजारा बोली असो की कोलामी असो, ज्याचा शब्द त्याच्याच गळ्यातून येऊ द्यावा. पुस्तकी भाषा पुस्तकात राहीलच. वावर मात्र एकदा 'शेत' झाले की, ते परत 'वावर' म्हणणारा माणूस शोधावा लागतो.