मोटारीची तुटलेली पुढची स्प्रिंग
मोटारीच्या पुढच्या चाकावरचा भार पेलणारी वेटोळ्याची पोलादी स्प्रिंग बहुधा अगदी खालच्या वेढ्याशी तुटते, कारण तेथे रंगाचा थर खरवडला जाऊन साचलेल्या चिखलपाण्याने गंज चढतो आणि गंजाच्या बारीक खाचेतून तडा वाढत जातो. खड्ड्यात खडखडणे, स्टिअरिंग वळवताना ‘टण्ण’ असा आवाज येणे, एका बाजूला गाडी किंचित खचलेली दिसणे ही स्प्रिंग तुटल्याची लक्षणे होत. तुटके टोक टायर चिरू शकते, म्हणून अशी गाडी चालवू नये. स्ट्रटवर, म्हणजे शॉकअब्सॉर्बर सामावलेल्या खांबावर, स्प्रिंग दाबूनच बसवलेली असल्याने ती बदलताना स्प्रिंग-कॉम्प्रेसर या साधनाने तिला आवळल्याशिवाय वरचा नट सोडल्यास ती जीवघेण्या जोराने उसळते. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा जोडीनेच बदलाव्यात.