आत्यांच्या ओव्या आणि माझा माइक

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील भाषण. जसे बोलले तसेच ठेवले आहे.)



बोलण्याआधी एक काम सांगते. मोबाईल बंद करा, बांगड्या हाताने धरून ठेवा आणि अर्धा मिनिट कुणीच बोलू नका.

काय काय ऐकू आलं? वरचा पंखा करकरतोय. मागं एक लेकरू किरकिर करतंय. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, त्यावर गाणं लावलं होतं. हे सगळं मघापासून चालूच होतं, पण तुम्हाला ऐकू येत नव्हतं. आपला कान नको ते गाळून टाकतो. माइक काहीच गाळत नाही. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये मी जे शिकले त्यातलं निम्मं एवढंच आहे बघा.

मी इंदापूर तालुक्यातली. बारावी झाली आणि लग्न झालं. सकाळी भाकरी थापताना रेडिओ ऐकायची सवय होती, तेवढाच माझा आवाजाशी संबंध. मग बारामतीच्या एका कॉलेजात साउंड रेकॉर्डिंगचा सर्टिफिकेट कोर्स निघाल्याचं कळलं. बारावी पास चालतंय, वयाची अट नाही. मी गटात तीस हजार कर्ज मागितलं. एक ताई म्हणाल्या, "शेळ्या घेती, शिलाई मशीन घेती तर समजलं असतं. आवाज काय विकायचा असतो व्हय?" त्या ताई आज पुढच्याच रांगेत बसल्यात, हसतायत. त्यांचं काही चुकलं नव्हतं. गटाचा पैसा म्हणजे वीस जणींच्या घरातला पैसा, विचारायलाच पाहिजे. तीन मीटिंगा झाल्या तेव्हा कुठं ठराव झाला.

कोर्सला गेले तर वर्गात सगळी वीस-बावीस वर्षांची पोरं. मला काकू म्हणायची. पहिल्या आठवड्यात संगणकावरचं काहीच कळेना. एक गोष्ट मात्र मला लगेच समजली, कारण ती आपल्या चुलीसारखी आहे. चुलीपासून दुप्पट लांब बसलं की झळ निम्मी नाही, पाव होते. आवाजाचंही तसंच. माइक तोंडापासून एक वीत असेल आणि तुम्ही तो दोन विती नेला, तर बोलणाऱ्याचा जोर चौथाईवर येतो. पण पंख्याचा, रस्त्याचा आवाज आहे तेवढाच राहतो. म्हणून लांबून घेतलेलं रेकॉर्डिंग विहिरीतून बोलल्यासारखं लागतं. महागडा माइक लांब ठेवण्यापेक्षा साधा मोबाईल जवळ धरलेला बरा.

खोलीचंही असंच. पत्र्याच्या आणि मोकळ्या भिंतीच्या खोलीत आवाज आपटून परत येतो. स्टुडिओत त्यासाठी भिंतीला फोम लावतात. आपल्या घरी गोधड्या आहेत की! दोरीवर तीन-चार गोधड्या वाळत घालतो तशा टाकायच्या आणि मधे बसून बोलायचं. पोत्यांनीही चालतं. आमच्या सरांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला घरून गोधडी आणायला लावली.

जून-जुलैत आम्हाला वारीचं काम दिलं. तुकोबारायांची पालखी बारामतीहून पुढं निघाली की काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं आणि पुढं आपल्या तालुक्यात बेलवाडीला गोल रिंगण. मला वाटलं, हे तर माझ्या माहेरासारखं, डोळे झाकून करीन. गेले आणि उभी राहिले नेमकी भोंग्याच्या खांबाखाली. घरी येऊन ऐकलं तर दोन तास नुसती सूचना देणाऱ्याची बडबड, कुणाचं लेकरू हरवलं, कुणाची पिशवी सापडली. टाळ कुठंय, घोड्याच्या टापा कुठंयत, काही नाही. वरून वाऱ्याची फडफड. एका पोरानं माइकवर लोकरीचा मोजा चढवला होता, त्याचं मात्र स्वच्छ आलं. तेव्हापासून माझ्या पिशवीत मोजा असतो. आमचे हे विचारतात, उन्हाळ्यात मोजा कशाला?

आता जी गोष्ट सांगायला मी उभी राहिले ती सांगते.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. घरात जातं आता फिरत नाही, दळण गिरणीतून येतं, पण त्यांना सगळं तोंडपाठ. कोर्समध्ये सरांनी सांगितलं की गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून काम सुरू करून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतल्या बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि 1990 च्या दशकात बेर्नार बेल यांनी त्यातल्या कितीतरी टेपवर घेतल्या. आपल्यासारख्याच बाया, सही येत नव्हती अशा. मी घरी येऊन म्हणलं, "आत्या, तुमच्या घ्यायच्या का?" त्या म्हणाल्या, "माझ्यात काय घ्यायचंय? घे."

घेतल्या. पण घाईत. संध्याकाळची वेळ, शेजारी मिक्सर चालू, अंगणात शेळी ओरडत होती, मोबाईल चौकटीवर ठेवलेला आणि त्यातच फोन आला. वीस मिनिटांचं ते रेकॉर्डिंग. वर जागा कमी म्हणून मी फाइल बारीक करून ठेवली. मूळ फाइल मिनिटाला दहा एमबी घेते, बारीक केली की एक. जे आवाज एकदा काढून टाकले ते परत येत नाहीत, हे मला तेव्हा माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. म्हणलं, राहू दे, दिवाळीनंतर नीट घेऊ.

भाद्रपदात आत्यांना अर्धांगवायू झाला. जीव वाचला, पण वाचा गेली.

त्या रेकॉर्डिंगवर मी किती रात्री बसले असेन. मिक्सरची घरघर एकसारखी असते, ती संगणकावर बरीचशी काढता येते. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात होतं. पण जास्त काढायला गेलं की माणसाचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा होतो. शेळी तर निघतच नाही, कारण ती नेमकी ओवीवरच ओरडलीय. मी सरांना दाखवलं. त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, शेळी राहू द्या. आता सहा ओव्या तेवढ्या स्पष्ट आहेत. मी त्या लावल्या की आत्या उजव्या हाताने खाटेवर ताल धरतात. बाकीच्या ओव्या त्यांच्या पोटात आहेत आणि मला त्या काढता येत नाहीत.

म्हणून ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना माझं सांगणं आहे की दिवाळीची वाट बघू नका. दुपारी घ्या, तेव्हा गाव शांत असतं. पंखा, फ्रीज बंद करा. मोबाईल विमान मोडवर टाकून एक वीत अंतरावर ठेवा. आधी अर्धा मिनिट नुसती शांतता घ्या, पुढं साफ करताना ती कामाला येते. फाइल दोन ठिकाणी ठेवा. आणि विचारून घ्या. माहेरच्या, सासूच्या गाऱ्हाण्याच्या ओव्या असतात, त्या गावभर वाजाव्यात असं तिला वाटत नसेल तर वाजवायच्या नाहीत.

आता हिशोब, कारण कर्ज तुमचं होतं. फी नऊ हजार, जुना लॅपटॉप चौदा, हेडफोन आणि छोटा माइक पाच, उरलेलं एसटीच्या पासात गेलं. हप्ते मी वीस महिन्यांत फेडले. कमाई कशातून? रिक्षावर भोंगा लावून फिरवायच्या जाहिराती, शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन, कीर्तनाचं रेकॉर्डिंग, आपल्या गटांच्या मसाल्याच्या आणि पापडाच्या जाहिराती. चांगल्या महिन्यात पाच-सहा हजार, पावसाळ्यात दोन महिने शून्य. एवढ्यावर घर चालत नाही. कोर्स झाला म्हणून कुणी नोकरी घेऊन दारात येत नाही, हे ज्या मुलींना पाठवायचंय त्यांच्या आईंनी आधीच ऐकावं.

पण दारं आहेत. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी आहे, कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी आहे. पलीकडे साताऱ्यात म्हसवडला माणदेशीची तरंग वाहिनी 2008 पासून आहे. तेलंगणात माचनूरला त्याच वर्षी संघम रेडिओ सुरू झाला, तो तर शेतात राबणाऱ्या दलित बायाच चालवतात. आधी असं केंद्र फक्त शिक्षणसंस्थांना मिळायचं. 2006 मध्ये सरकारने धोरण बदललं आणि संस्थांनाही परवानगी दिली. त्यात नियमच आहे की निम्मा तरी कार्यक्रम तिथल्या लोकांना घेऊन केलेला पाहिजे. म्हणजे त्यांना आपली गरज आहे, आपण उपकार मागत नाही. आपल्या गटाने तेल्या रोगावर, दुधाच्या फॅटवर, कर्जाच्या हप्त्यावर दहा मिनिटांचा नीट कार्यक्रम करून नेला तर ऐकणारे आहेत. मात्र विहिरीतून बोलल्यासारखा नको.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी दोन वाजता मी प्रभागसंघाच्या कार्यालयात बसणार आहे. फी नाही. मोबाईल, चार्जर आणि एक गोधडी घेऊन या. त्या पुढच्या रांगेतल्या ताईंनी त्यांच्या आईंचं नाव आधीच दिलंय, त्यांचं पहिलं.