तालयंत्र कोणते घ्यावे?



पत्रिकेवर माझ्या नावासमोर हा विषय पाहून आपल्यापैकी काही जण चपापले असतील. तीस वर्षे मी बोनस, महागाई भत्ता आणि कामावरून काढलेल्या माणसांचे खटले याच विषयांवर बोलत आलो आहे. मला गाता येत नाही. शाळा नववीत सुटली, आणि पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात. मग तालयंत्राशी माझा संबंध काय?

झाले असे की, गेल्या वर्षी गणपती झाल्यावर आमच्या एका सभासदाचा मुलगा कचेरीत आला. घरातल्या एका खोलीत तो गाणी मुद्रित करतो. वीस हजार रुपये त्याने साठवले होते. म्हणाला, "काका, ड्रम मशीन घेऊ की मॉड्यूल?" बरोबर त्याचा मामा होता. हा मामा बँजो पार्टीत ढोलकी वाजवतो. तो सारा वेळ गप्प बसला. जाताना चपला पायात सरकवीत एवढेच म्हणाला, "भाऊ, हे यंत्र घरात आलं की मला कोण बोलावणार?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते, आणि दुसऱ्याचे मी आयुष्यभर शोधतो आहे. म्हणून सहा महिने वाचले, ऐकले, दुकाने हिंडलो. त्यातले काही आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी शब्दांचा उलगडा करू. ड्रम मशीन म्हणजे ठेकाही स्वतः लक्षात ठेवणारे आणि आवाजही स्वतः काढणारे यंत्र. मॉड्यूलजवळ फक्त आवाज असतात. त्याला कोणी तरी बाहेरून सांगावे लागते: पॅडवर काठी मारून, पेटीसारख्या पट्ट्या दाबून किंवा संगणकावरून. हे सांगणे १९८३ सालापासून 'मिडी' नावाच्या एका सामाईक भाषेत चालते. त्या तारेतून आवाज जात नाही. कोणते वाद्य, केव्हा आणि किती जोराने, एवढाच निरोप जातो. जोराचे मोजमाप १ ते १२७. कारखान्यातल्या माणसाला सांगायचे तर ही मुकादमाची चिठ्ठी आहे. काम पलीकडे दुसराच करतो. बँजो पार्टीतला ऑक्टोपॅड आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात पॅड आणि मॉड्यूल एकाच पेटीत बसवलेले असतात.

आता थोडा इतिहास, कारण मामाचा प्रश्न त्यातच दडलेला आहे. १९८० साली दोन यंत्रे बाजारात आली. एक अमेरिकेतील रॉजर लिन यांचे एलएम-१, किंमत सुमारे पाच हजार डॉलर. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज मुद्रित करून चिपमध्ये भरले होते. स्मरणशक्ती तेव्हा इतकी महाग होती की लांबत जाणारा झांजेचा आवाज त्यात घालताच आला नाही! ते बहुतेक आवाज लॉस एंजेलिसच्या आर्ट वुड या वादकाने वाजवलेले होते. म्हणजे वादकाला घरी बसवणारे यंत्र वादकाच्याच हातांनी बोलत होते.

दुसरे जपानच्या रोलँड कंपनीचे टीआर-८०८, किंमत १,१९५ डॉलर. त्यातला प्रत्येक आवाज विद्युत्मंडलातून बनवलेला. खऱ्या ड्रमसारखा तो मुळीच वाटत नसे. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी त्यासाठी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घेतले होते. पुढे ट्रान्झिस्टर सुधारले, तसे सदोष नग मिळेनासे झाले. १९८३ पर्यंत सुमारे बारा हजार यंत्रे विकून ते बंद पडले. मग जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले आणि अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतल्या पोरांच्या हाती पडले. आज तेच जुने यंत्र घ्यायचे तर लाखांची गोष्ट आहे.

हे यंत्र मुंबईलाही आले. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली त्याच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. ती फारशी कोणी घेतली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले.

त्याच १९८२ साली लंडनमध्ये वादकांच्या युनियनच्या एका शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांवर बंदी घालण्याचा ठराव केला. मोठ्या युनियनने तो धोरण म्हणून स्वीकारला नाही. आणि त्याच वर्षी, १८ जानेवारीला, आपल्या मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे वडील साच्यावर होते. मी तेव्हा बारा वर्षांचा. त्यामुळे लंडनच्या त्या वादकांना मी हसत नाही. पण त्यांनी यंत्राला फाटकात अडवायला बघितले, ते चुकले असे मला वाटते. १९२८ साली मुंबईचे विणकर दोनऐवजी तीन साचे चालवायला नकार देऊन संपावर गेले. त्यांचे भांडण तिसऱ्या साच्याशी नव्हते. त्यातून जाणाऱ्या नोकऱ्या आणि वाढणारा नफा यांचा हिशेब त्यांना हवा होता.

तो हिशेब न ठेवल्यास काय होते? 'द विन्स्टन्स' नावाच्या अमेरिकन वृंदाने १९६९ साली एक गाणे मुद्रित केले. त्यात ग्रेगरी कोलमन या वादकाने सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवला आहे. तो तुकडा उचलून पुढे हजारो गाणी झाली. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६ साली तो बेघर आणि निर्धन अवस्थेत वारला. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

असो. आता खरेदीकडे वळू. बहुतेक यंत्रांत सोळा घरांची रांग असते. त्रितालाला आणि केरव्याला ती चालते. पण आपल्या गाण्यांत सहा मात्रांचा दादरा येतो, सातांचा रूपक येतो. म्हणून शेवटचे घर आपल्याला ठरवता येते का, बारावर किंवा चौदावर आवर्तन परत फिरते का, हे दुकानातच वाजवून पाहावे. विक्रेता "सगळं होतं" म्हणतो, त्यावर जाऊ नये. मला दोन ठिकाणी ते दाखवता आले नाही.

दुसरे पाहायचे ते मागच्या बाजूला. प्रत्येक वाद्याला वेगळी वाट आहे, की सगळे दोनच तारांतून बाहेर पडते? एकत्र मुद्रित झाले की मोठा ड्रम कमी करून टाळी वाढवता येत नाही. वाटा दोनच असतील तर घड्याळ जुळवून यंत्र पुन्हा पुन्हा चालवावे आणि दर खेपेस एकच वाद्य घ्यावे. वेळ जातो, पैसे वाचतात. बटणाला हलका आणि जोरकस मार वेगळा कळतो का, तेही पाहावे. अडॅप्टरचे अधिक-उणे नीट तपासावे. उलटे लावून जळालेली एक पेटी मी डोळ्यांनी पाहिली आहे. आणि मुख्य म्हणजे, घरी संगणक असेल तर 'हायड्रोजन' नावाचे फुकट तालयंत्र त्यावर महिनाभर वापरावे. काय कमी पडते ते त्याशिवाय कळत नाही.

त्या मुलाला काय कमी पडले? ढोलकी. डाव्या पुडीवर तळवा दाबत काढलेला घुमारा दर वेळी वेगळा येतो. यंत्रात भरलेला आवाज दर वेळी तोच. एकट्याने, संगणकाशिवाय काम करणाऱ्याने ड्रम मशीन जरूर घ्यावे. पण ज्याच्या घरात वाजवणारा माणूस आहे, त्याला मी पॅड आणि मॉड्यूलच सुचवीन. मुलाने पार्टीतल्याच एकाचा जुना ऑक्टोपॅड घेतला, आणि उरलेल्या पैशांत एक मायक्रोफोन.

मामाची ढोलकी मुद्रित करायची ठरली तेव्हा मी एक कागद तयार केला. दोन तासांचे अमुक रुपये. हे आवाज या मुलाच्या गाण्यांपुरते. दुसऱ्या कोणाला विकले तर निम्मे मामाचे. मुलगा म्हणाला, "काका, घरच्या माणसाशी कसला करार?" मामाने कागद दोनदा वाचला, खिशातले पेन काढले, 'दोन तास' खोडले आणि वर लिहिले, 'तालीम धरून तीन'. मग दोघांनी सह्या केल्या.