गुप्तता आणि संसद
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मराठीच्या अध्यापकाने अशा व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर किंवा मर्ढेकरांवर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मी आज निराळा विषय निवडला आहे. देशाच्या गुप्तवार्ता यंत्रणांवर आणि त्यांच्या प्रमुखांवर संसदेची देखरेख असावी काय, हा तो प्रश्न. विषय दिल्लीचा वाटला, तरी ग्रंथालयाशी त्याचा जवळचा संबंध आहे. कोणता सभासद कोणते पुस्तक नेतो, याची नोंद आपल्या देवघेवीच्या वहीत असते. ती वही ग्रंथपालाच्या हाती आहे, या विश्वासावर वाचक निर्धास्तपणे वाचतो. तीच वही त्याच्या नकळत दुसरेच कोणी चाळू लागले, तर वाचनाचे स्वातंत्र्य कितीसे उरेल?

राज्याला हेर लागतात, याविषयी दुमत नाही. आपल्या उज्जैनच्या विक्रमादित्याची कथा लहानपणी ऐकली नाही असा माणूस येथे विरळा. वेष पालटून रात्री नगरात फिरणारा तो राजा स्वतःच स्वतःचा हेर होता. कौटिल्याने त्या कामाचे शास्त्र केले. एकमेकांना अनोळखी अशा तिघांकडून तीच वार्ता आली, तरच ती विश्वसनीय मानावी, आणि वारंवार चुकणाऱ्या हेराला दूर करावे, असे तो सांगतो. पुढे मराठेशाहीत वकील, अखबारनवीस आणि जासूद यांनी पुणे, उज्जैन आणि दिल्ली एका धाग्यात बांधली. दिल्लीतून हिंगण्यांनी पाठविलेली पत्रे आज इतिहासाची साधने झाली आहेत.

या परंपरेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हेरावर विश्वास ठेवणारा राजा त्याची परीक्षाही घेत असे. वार्ता राजासाठी होती आणि जाबही राजालाच द्यायचा होता. 26 जानेवारी 1950 पासून या देशात राजा उरला नाही. त्याच्या जागी नागरिक आला, आणि त्याच्या वतीने विचारणा करणारी संस्था म्हणजे संसद. मग ही परीक्षा कोण घेते?

वस्तुस्थिती पाहा. इंटेलिजन्स ब्यूरोची मुळे 1887 पर्यंत, म्हणजे ब्रिटिश अमदानीत जातात. 1962 आणि 1965 च्या युद्धांच्या अनुभवानंतर परदेशातील वार्तांसाठी सप्टेंबर 1968 मध्ये ‘रॉ’ ही स्वतंत्र संस्था निघाली आणि रामेश्वरनाथ काव तिचे पहिले प्रमुख झाले. या दोन्ही संस्था कार्यकारी आदेशावर उभ्या आहेत. त्यांची स्थापना, अधिकार आणि मर्यादा सांगणारा संसदेचा कायदा नाही. 1985 साली एक कायदा झाला खरा, पण तो या संस्थांतील कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्याच्या व बोलण्याच्या हक्कांवर बंधने घालणारा आहे. म्हणजे तेथे काम करणाऱ्यांवर कायद्याचे बंधन आले, कामावर मात्र आले नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानेही भ्रष्टाचाराचे व मानवी हक्कभंगाचे आरोप सोडून या संस्थांना वगळलेच आहे.

प्रमुखांच्या नेमणुकीतही हाच भेद दिसतो. केंद्रीय अन्वेषण ब्यूरो म्हणजे सीबीआयचा संचालक पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या शिफारशीने नेमला जातो. या सुधारणेला मोठी चालना मिळाली ती 1997 च्या विनीत नारायण खटल्याच्या निकालाने, आणि तो देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख न्यायमूर्ती जगदीशशरण वर्मा हे आपल्या मध्य प्रदेशातील सतन्याचे. मात्र ‘रॉ’ आणि इंटेलिजन्स ब्यूरो यांचे प्रमुख मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती निवडते. विरोधी पक्षाला तेथे स्थान नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये या पदांचा दोन वर्षांचा कार्यकाल आणखी दोन वर्षे वाढविण्याची सोय झाली, तीही सेवानियमांतील दुरुस्तीने.

ज्या अधिकारावर कोणाची नजर नसते, तो हळूहळू नेमणाऱ्याच्या सोयीचा होतो. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने 1978 साली जे पुढे आणले, त्यात सत्ताधाऱ्यांसाठी शासकीय यंत्रणांचा झालेला वापर हे एक ठळक प्रकरण होते. 1988 साली कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना टेलिफोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणात पद सोडावे लागले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा ऐकण्यावर नियम घातले. पण आदेश देणारे आणि त्यांचे पुनर्विलोकन करणारे, दोघेही शासनाचे सचिवच राहिले.

संसदेला समित्यांची परंपरा नाही असेही नव्हे. आणि या परंपरेत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, हे येथे अभिमानाने सांगावेसे वाटते. महाराष्ट्राबाहेर अहमदाबादेत कर्तृत्व गाजविलेले गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती त्यांच्याच काळात, 1953 साली आली. 1993 मध्ये लातूरचे शिवराज पाटील अध्यक्ष असताना खात्यांशी निगडित सतरा स्थायी समित्या सुरू झाल्या. 2004 पासून त्या चोवीस आहेत. आपल्या शेजारच्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन 2014 ते 2019 या काळात त्याच आसनावर होत्या. एवढ्या समित्यांत गुप्तवार्तेसाठी स्वतंत्र समिती मात्र नाही.

मागणी झाली नाही असे नाही. उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी जानेवारी 2010 मध्ये काव यांच्याच स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानात संसदीय स्थायी समितीचा पुरस्कार केला. 2011 साली मनीष तिवारी यांनी खाजगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला, आणि न्यायालयाने 2016 साली त्यात हात घालण्याचे नाकारले. चेंडू पुन्हा संसदेच्याच अंगणात आला.

यावर मुख्य आक्षेप असा की, खासदारांच्या हाती गुपिते दिली तर ती फुटतील. आक्षेप पोकळ नाही. हेराचे नाव फुटणे म्हणजे त्याच्या प्राणाशी खेळ. परंतु हाच धोका इतरांनीही ओळखला आणि वाट काढली. अमेरिकेत 1975 च्या चर्च समितीने गैरप्रकार उघड केल्यावर दोन्ही सभागृहांच्या कायम समित्या आल्या, आणि सीआयएच्या प्रमुखाची नेमणूक सिनेटच्या संमतीवाचून होत नाही. जिच्या घरातून आपण संसदीय पद्धती घेतली, त्या ब्रिटनने 1994 साली कायद्याने छोटी समिती केली आणि 2013 मध्ये तिला संसदेची समिती हा दर्जा दिला. तिच्या अहवालातील नाजूक मजकूर पंतप्रधान वगळू शकतात. तो वगळला आहे हे मात्र वाचणाऱ्याला दिसते. आपणही असे केले आहे. के. सुब्रह्मण्यम यांच्या कारगिल समितीचा अहवाल फेब्रुवारी 2000 मध्ये काही भाग गाळून संसदेपुढे ठेवला गेला. त्याने देशाचे काही बिघडले नाही, उलट सुधारणांना वाट मिळाली. फरक इतकाच की, ती चौकशी शेकडो जवान गमावल्यानंतरची होती.

या देखरेखीचा पहिला लाभ खुद्द त्या खात्यातील प्रामाणिक अधिकाऱ्याला होईल. चुकीचा तोंडी हुकूम आला, तर ‘हे समितीपुढे सांगावे लागेल’ असे म्हणण्याची सोय त्याला आज नाही. ज्याचे यश कधी छापून येत नाही आणि अपयश तेवढे चव्हाट्यावर येते, त्याला न्याय देणारेही कोणी हवे.

आपल्या ग्रंथालयातील दुर्मीळ ग्रंथांचे कपाट कुलूपबंद असते. प्रत्येक सभासदाला किल्ली मिळत नाही, आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नाही. कारण आत काय आहे याची नोंदवही आहे, ती तपासणारे सभासदांनी निवडले आहेत, आणि वार्षिक सभेत त्यांना प्रश्न विचारता येतो. कुलूप आणि नोंदवही यांचे वैर नाही. नोंदवही आहे म्हणूनच कुलपावर विश्वास बसतो. शंभर वर्षे हा व्यवहार या वास्तूत चालला आहे. देशाच्या सर्वांत कडेकोट कपाटालाही अशी एक नोंदवही असावी, आणि ती तपासण्याचे काम शपथबद्ध अशा मोजक्या लोकप्रतिनिधींकडे असावे, एवढेच माझे मागणे आहे. ते आपल्या खासदारांपर्यंत नेणे आपल्यासारख्या वाचत्या नागरिकांच्या हाती आहे.