बातमीच्या भांडवलावर मंगळ



 विज्ञानलेखक आणि बातमीदारांच्या संमेलनात अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा सर्वांगीण आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो मोह टाळून मी आज एकच विषय घेतो : माणसाला मंगळावर नेण्याच्या खासगी घोषणा आणि आपण छापलेल्या त्यांच्या बातम्या. पत्रिकेतल्या मंगळाची आपल्याकडे सात पिढ्यांपर्यंत चौकशी होते. आकाशातल्या मंगळासाठी मात्र आपल्याला एक प्रेसनोट पुरते.

‘मार्स वन’ या संस्थेचं उदाहरण घ्या. २०१२च्या मे महिन्यात बास लान्सडॉर्प या डच उद्योजकाने जाहीर केलं की, २०२३मध्ये चार माणसं मंगळावर उतरतील आणि तिथेच राहतील. परतीचा प्रवास नाही. पहिल्या चौघांसाठी खर्च सहा अब्ज डॉलर. जेरार्ड ट'हूफ्ट यांच्यासारख्या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाचं पाठबळ होतं. पैसा कुठून येणार, याचं उत्तरही घोषणेतच होतं : उमेदवारांची निवड, त्यांचं प्रशिक्षण आणि पुढचा प्रवास जगभर दाखवण्याचे हक्क विकून. ऑलिंपिकच्या प्रक्षेपणातून मिळणाऱ्या कमाईचा दाखला लान्सडॉर्प देत असत.

माझ्या मते आपण तिथेच थांबून विचार करायला हवा होता. ज्या योजनेचं उत्पन्नच लोकांच्या कुतूहलातून यायचं आहे, तिची प्रत्येक बातमी म्हणजे त्या योजनेत घातलेलं भांडवल असतं. एरवी बातमीदार साक्षीदार असतो. इथे तो नकळत भागीदार झाला. आणि भागीदार होऊनही त्याने वह्या पाहायला मागितल्या नाहीत.

२०१३मध्ये अर्ज मागवले गेले. दोन लाखांहून अधिक अर्ज आल्याचं संस्थेने सांगितलं आणि तो आकडा जगभर छापून आला. अर्ज पूर्ण भरून शुल्क भरलेल्यांची संख्या २,७८२ असल्याचं पुढे उघड झालं. २०१३च्या डिसेंबरात लॉकहीड मार्टिन या अमेरिकी अवकाशयान कंपनीशी करार झाल्याची बातमी आली. तो करार केवळ संकल्पनेच्या अभ्यासासाठी होता, यान बांधण्यासाठी नव्हे. बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात हे असायचं, पण मथळा वाचून पान उलटणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यान उभं राहिलेलं असायचं.

२०१५च्या फेब्रुवारीत शंभर जणांची यादी आली. त्यात तीन भारतीय होते. मग देशभर त्यांच्या घरच्यांच्या मुलाखती सुरू झाल्या. आईला काय वाटतं, मित्र काय म्हणतात, जाताना बरोबर काय नेणार. त्या तरुणांच्या इच्छेला मी हसणार नाही. पण संस्थेने त्यांची परीक्षा कशी घेतली, हे किती जणांनी विचारलं? त्या शंभरांतल्याच एकाने, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या जोसेफ रोश यांनी, पुढच्याच महिन्यात ते सांगितलं. मुलाखत झाली ती स्काइपवर, जेमतेम दहा मिनिटं. आणि मुलाखतींबद्दल माध्यमांकडून पैसे मिळाले तर त्यातला ७५ टक्के नफा संस्थेला द्यावा, अशी उमेदवारांना विनंती होती. भांडवल कुठून गोळा होत होतं, याचा याहून उघड पुरावा कोणता हवा?

ही माहिती बाहेर आली ती ऑस्ट्रेलियन लेखिका एल्मो कीप यांच्या चिकाटीमुळे. त्याआधीच, २०१४च्या नोव्हेंबरात, त्यांनी या प्रकल्पावर दीर्घ लेख लिहिला. त्यातले प्रश्न कोणत्याही तालुका बातमीदाराला सुचतील असे होते. पैसा आहे का, करार कोणाशी झालेत, तयारी कुठवर आली? साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला आपण हेच विचारतो. मंगळाच्या बातमीत ते विचारायला आपण का बिचकलो?

त्याच सुमारास एमआयटीतल्या संशोधकांनी ही योजना गणिताने तपासली. ‘६८ दिवसांत मृत्यू’ असे मथळे झाले आणि विषय संपला. खरी बातमी त्या आकड्यामागे होती. माणसं राहतात त्याच बंद जागेत अन्नासाठी पिकं वाढवली, तर ऑक्सिजन धोक्याच्या पातळीपर्यंत साचतो. हवेतून फक्त ऑक्सिजन वेगळा काढणारं, अवकाशात वापरून सिद्ध झालेलं यंत्र नाही. हवा बाहेर सोडत राहावी तर नायट्रोजनही जातो आणि शेवटी दाब टिकवता येत नाही. शिवाय वस्ती वाढेल तसे सुटे भाग पाठवण्याचं ओझं वाढतच जातं. शाळकरी मुलालाही रस वाटेल असा हा विषय होता. आपण त्यातला मृत्यू घेतला आणि विज्ञान टाकून दिलं.

मोजपट्टी तर आपल्या हाताशीच होती. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी इस्रोचं मंगळयान निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये, वैज्ञानिक उपकरणांचं वजन सुमारे १५ किलो. २०१२मध्ये नासाने मंगळावर उतरवलेली ‘क्युरिऑसिटी’ ही सुमारे ९०० किलोची गाडी तोवरचं तिथलं सर्वांत मोठं ओझं होती. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या तुलनेत एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे पॅराशूट एकटं पुरत नाही. माणसांना राहायला कित्येक टन सामान लागतं. एवढी एक चौकट शेजारी छापली असती, तरी वाचक स्वतःच निष्कर्षाला पोहोचला असता.

जानेवारी २०१९मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या न्यायालयाने मार्स वन व्हेंचर्सचं दिवाळं जाहीर केलं. ही गोष्ट सर्वत्र कळायला फेब्रुवारी उजाडला. ज्या माध्यमांनी यादीतल्या शंभरांचे फोटो छापले, त्यांच्यापैकी कोणी न्यायालयाच्या नोंदींवर नजर ठेवून होतं, असं यावरून दिसत नाही.

आता स्पेसएक्स ही अमेरिकी कंपनी. तिला मार्स वनच्या पंक्तीला बसवणं अन्यायाचं होईल. या कंपनीने रॉकेटचा पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरून दाखवला आणि २०२०मध्ये माणसं अवकाश स्थानकात पोहोचवली. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी स्टारशिप या रॉकेटचं महाकाय बूस्टर मनोऱ्याच्या यांत्रिक हातांनी अलगद झेललं गेलं, तेव्हा टीकाकारही गप्प झाले. पण कंपनीचे संस्थापक इलॉन मस्क यांच्या तारखांची वही वेगळी आहे. ‘रेड ड्रॅगन’ हे यान २०१८मध्ये मंगळावर उतरणार होतं. २०१७मध्ये ते रद्द झालं. २०१७च्याच घोषणेनुसार २०२२मध्ये मालवाहू यानं आणि २०२४मध्ये माणसं निघायची होती. कोणीही निघालं नाही, आणि पुढची तारीख पुन्हा पहिल्या पानावर आली.

इथे आपल्यात दोन तट पडतात. एक भक्तांचा, दुसरा टवाळांचा. दोघांनाही घाम गाळावा लागत नाही. मधलं काम कष्टाचं आहे : पैसा आणि जबाबदारी कोणाची, हे शोधणं. स्टारशिपने चंद्रावर माणसं उतरवावीत म्हणून नासाने २०२१मध्ये स्पेसएक्सला २.८९ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं. म्हणजे ‘खासगी’ मंगळाच्या वाटेवर सरकारी पैसा आहे. १९६७च्या अवकाश करारानुसार खासगी संस्थेच्या अवकाशातल्या कृतींची जबाबदारीही तिच्या देशावर येते. मग आपली प्रश्नपत्रिका बदलते. परवाना कोणी दिला? चाचणी फसल्यावर अवशेष कोणाच्या डोक्यावर पडणार? पृथ्वीवरचे जंतू मंगळावर गेले, तर उत्तर कोण देणार?

म्हणून खुल्या अधिवेशनापुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, मंगळाची प्रत्येक घोषणा ‘दावा’ म्हणून छापावी आणि सोबत त्याच व्यक्तीच्या आधीच्या तारखा द्याव्यात. दुसरी, पैसा, करार आणि परवाना या तीन गोष्टींची माहिती नसेल, तर तशी ओळ बातमीतच असावी. तिसरी सर्वांत महत्त्वाची : मंगळाकडे जायला सोयीची वेळ साधारण दर २६ महिन्यांनी येते. निसर्गाने आखून दिलेलं हे वेळापत्रक प्रत्येक डेस्कने डायरीत लिहून ठेवावं आणि दर वेळी वाचकाला सांगावं की कोण निघणार होतं, कोण निघालं आणि कोणाचे पैसे गेले.

उद्या एखादं यान खरोखर माणसं घेऊन निघालं, तर त्याची बातमी आपण मोठ्या आनंदाने, आठ कॉलमी मथळ्यात छापू. त्या दिवशी वाचकाने आपल्यावर विश्वास ठेवावा असं वाटत असेल, तर न निघालेल्या यानांचा हिशोब आजपासून द्यायला हवा.